सेकंदाला सोळा ठोके

डेथ मेटल हा रॉकमधला अतिवेगवान, कर्कश प्रकार पहिल्यांदाच ऐकणाऱ्याची तक्रार ठरलेली असते: ड्रमर नुसता बडवत सुटलाय, यात ताल कुठे आहे? तक्रार सपशेल खोटी नाही. या वेगाला कानाला तसंच ऐकू येतं, आणि त्याचं कारण ड्रमरपेक्षा आपल्या मेंदूत जास्त आहे.

आधी हिशोब पाहू. या संगीतात लय मिनिटाला २०० बीट्सच्या पुढे सहज जाते, २४० सुद्धा नवलाचं नाही. २४० म्हणजे सेकंदाला चार बीट. त्यावर दोन्ही पायांनी बेस ड्रमची (पेडल दाबून वाजवायचा मोठा ड्रम) चौगुन, म्हणजे एका बीटला चार ठोके, धरली की सेकंदाला १६ ठोके, प्रत्येक पायाच्या वाट्याला ८. लागोपाठच्या दोन ठोक्यांत अंतर उरतं साडेबासष्ट मिलिसेकंदांचं.

कान एरवी फार चपळ आहे. दोन आवाजांमधली दोन-तीन मिलिसेकंदांची फटसुद्धा चांगल्या कानाला जाणवते. त्यामुळे ठोके वेगवेगळे आहेत एवढं कळतं. प्रत्येक ठोक्याची मोजदाद ठेवणं मात्र जमत नाही. माणसाला ठेका धरायला सर्वांत सोयीचं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपासचं. ते साधारण शंभर मिलिसेकंदांच्या खाली उतरलं की सुटे ठोके मात्रा म्हणून हाती लागत नाहीत, त्यांचे गट तेवढे लागतात. दुसऱ्या टोकाला, सेकंदाला वीसेक स्पंदनांच्या पुढे कान ठोके ऐकणंच सोडू लागतो आणि खर्जातला सूर ऐकू लागतो. मेटलचा डबल बेस, म्हणजे दोन्ही पायांनी वाजणारा हा बेस ड्रम, नेमका या दोन हद्दींच्या मधल्या पट्ट्यात वावरतो. ताल म्हणावा तर मोजता येत नाही, सूर म्हणावा तर अजून झालेला नाही. ऐकू येतो तो एक खरखरीत पोत.

म्हणून ठोके मोजायच्या फंदात पडू नये. वरचा संथ थर शोधावा. नेहमीच्या ब्लास्ट बीटमध्ये, म्हणजे या संगीतातल्या अतिवेगवान ठेक्यात, पाय बेस ड्रमवर आणि एक हात स्नेअरवर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आळीपाळीने पडतात, दुसरा हात पायाच्या जोडीने सिम्बलवर (धातूची थाळी) चालतो. गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) मात्र बहुधा याच्या निम्म्या किंवा पाव गतीने सरकत असतो, आणि श्रोत्यांच्या माना डोलतात त्या त्याच्यावर. ‘मेशुगा’ या स्वीडिश बँडचा टोमास हाके तर हाताने सिम्बलवर सरळ चार मात्रा धरून ठेवतो आणि पायांनी गिटारबरोबर विषम लांबीचे तुकडे वाजवतो. तुकडे मात्रांवरून घसरत घसरत जातात आणि बऱ्याच आवर्तनांनी समेवर येऊन पडतात. सिम्बलचा धागा सोडला की सगळा गोंधळ वाटतो. तो धरून ऐकलं तर गंमत कळते.

आता हे शरीराला जमतं कसं? सराव नसलेला माणूस एका हाताने सेकंदाला पाच ते सात वेळा टकटक करू शकतो. शिन्या फुजी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगाची स्पर्धा जिंकलेल्या एका ड्रमरचं मनगट तपासलं, तर ते सेकंदाला सुमारे दहापर्यंत गेलं. खरी गोष्ट त्याच्या स्नायूंत होती. मनगट खाली नेणारा स्नायू आणि वर उचलणारा स्नायू आपल्यात बराच वेळ एकदमच आवळलेले राहतात, एकमेकांना अडवत. त्याच्यात ते पाळीपाळीने काम करत होते. वेग ताकदीतून येतो हा समज इथे कोसळतो. जोर लावला की स्नायू ताठरतात आणि गती उलट घटते.

उरलेलं काम उसळी करते. ताणलेल्या पडद्यावरून काठी आपोआप परत येते, ड्रमरने तिला फक्त अडवायचं नसतं. पेडललाही स्प्रिंग असते, आणि झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या हलक्या धक्क्यासारखा पाय तिच्या झुल्यात मिसळावा लागतो. मध्यम लयीत पूर्ण मांडी उचलून वाजवता येतं. पुढे मांडी जड पडते आणि सगळं घोट्यावर येतं. ‘नाइल’ बँडचा ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास याच घोट्याच्या तंत्रासाठी ओळखला जातो. एका पद्धतीतून दुसरीत जायचा मधला टप्पा मोठा त्रासदायक. तिथे मांडी मागे पडते आणि घोटा अजून पुरेसा मोकळा झालेला नसतो, त्यामुळे कित्येकांचे पाय अतिवेगात नीट चालतात आणि त्याहून थोड्या कमी लयीत अडखळतात.

मेंदूपुढची अडचण वेगळीच. ठोका कसा पडला याची खबर मेंदूत पोहोचून दुरुस्तीचा हुकूम परत यायला साधारण शंभर मिलिसेकंद किंवा अधिक लागतात, आणि तोवर पुढचा ठोका पडूनही गेलेला असतो. १९५१ साली कार्ल लॅश्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडला होता: वादकाची बोटं सेकंदाला सोळा वेळा पडू शकतात, म्हणजे प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीच्या जाणिवेतून सुटणं शक्य नाही. ओळच्या ओळ आधीच रचलेली असली पाहिजे. त्याने धरलेला आकडा आणि आपला वरचा हिशोब योगायोगाने तंतोतंत जुळतात.

ब्लास्ट बीटला नाव देण्याचं श्रेय बर्मिंगहॅमच्या ‘नेपाम डेथ’चा ड्रमर मिक हॅरिस याला दिलं जातं. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. पुढे ‘मॉर्बिड एंजल’च्या पीट सँडोव्हलने या ठेक्याला धार दिली.

ध्वनिमुद्रणात मात्र भौतिकशास्त्र आडवं येतं. बेस ड्रमचा घुमारा ५० हर्ट्झच्या आसपास धरला तर एका लहरीला २० मिलिसेकंद लागतात. साडेबासष्ट मिलिसेकंदांत जेमतेम तीन लहरी पुऱ्या होतात तोच पुढचा ठोका आदळतो, आणि घुमारे एकमेकांत कालवले जातात. म्हणून ध्वनितंत्रज्ञ घुमारा आवरता घेतात आणि पडद्यावर बीटर (पेडलचा हातोडा) आपटल्याचा वरच्या पट्टीतला ‘टक्’ पुढे आणतात. ट्रिगर लावले तर पडद्यावरचा सेन्सर मुख्यतः ठोक्याची वेळ पकडतो आणि आवाज आधीच मुद्रित केलेला वाजतो. दमलेल्या पायाचा हलका ठोकाही मग दणकट ऐकू येऊ शकतो. याला फसवणूक म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही, कारण सेन्सर वेळ सुधारत नाही. पाय डगमगला तर ते उलट अधिक स्वच्छ ऐकू येतं. संगणकावर प्रत्येक ठोका जागेवर सरकवून ठेवणं ही खरी लबाडी, आणि अलीकडच्या पुष्कळ अल्बममध्ये ती मुबलक असते.

ड्रमर पारखायचा असेल तर सलग ब्लास्टपेक्षा सांधे ऐकावेत. टॉमवरची (मधल्या ड्रमवरची) लांब फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरलेला तुकडा, संपवून तो परत ब्लास्टमध्ये शिरतो तेव्हा स्नेअरचे पहिले तीन-चार ठोके त्याच वजनाचे आहेत का, की लय बसायला त्याला अर्धा सेकंद लागला? अर्ध्या सेकंदात आठ ठोके निघून जातात.