चष्म्याचं सोडा, हजेरीचं बोला

सुपरहिरोची गुप्त ओळख म्हटली की थट्टा होते ती सुपरमॅनच्या चष्म्याची. चष्मा काढला की रोज शेजारी बसणाऱ्यांनाही माणूस ओळखू येत नाही, हे कसं? माझ्या मते खरी अडचण हजेरीची होती.

१९१९ मधला मुखवटेवाला तलवारबाज झोरोही दुहेरीच जगायचा, पण तो पडला जमीनदाराचा मुलगा. त्याला कुठे दहाला पोचायचं होतं! १९३८ मध्ये सुपरमॅन आला तो वार्ताहराची नोकरी घेऊन. संकटाची खबर आधी कानावर येते आणि 'बातमीवर आहे' म्हटलं की दिवसभर कुणी विचारत नाही. सत्तरच्या दशकात त्याला टीव्हीवर बातम्या द्यायला बसवलं, तेव्हा पंचाईत झाली. थेट प्रक्षेपणात खुर्ची रिकामी दिसून कसं चालेल? १९७८ च्या चित्रपटात तो कपडे बदलायच्या घाईत फोनपाशी थबकतो, तर आडोशाला बूथच नाही, नुसता उघडा फोन.

सगळ्यात मोठा वाद २००६ च्या 'सिव्हिल वॉर' या मार्व्हल कॉमिक्समधला. भीषण स्फोटात शाळकरी मुलं दगावल्यावर कथेतलं सरकार कायदा करतं: मुखवटा घालायचा तर खरं नाव नोंदवा. स्पायडरमॅन पत्रकार परिषदेत मुखवटा उतरवतो. चर्चा झाली ती घरच्यांच्या जिवाची, आणि ती रास्तच. पुढे गोळी लागली ती त्याच्या मे काकूंना. मला मात्र आठवतो तो कोर्टातला दावा. स्पायडरमॅन म्हणजेच पीटर पार्कर हा फ्रीलान्स फोटोग्राफर. कॅमेरा कुठेतरी चिकटवून ठेवायचा, स्वतःचेच फोटो काढायचे आणि स्पायडरमॅनला शिव्या घालणाऱ्याच वर्तमानपत्राला विकायचे. नाव फुटल्यावर त्या वर्तमानपत्राने त्याला कोर्टात खेचलं. कथेतल्या खलनायकांना जे जमलं नव्हतं ते मानधनाच्या बिलांनी केलं!

प्रकाशकाला हे झेपलं नाही. २००७ संपता संपता सैतानाशी सौदा झाला. काकूंचा जीव वाचला, बदल्यात पीटरचं लग्न गेलं, आणि जाता जाता जगाच्या आठवणीतून पीटरचं नावही पुसलं गेलं. वाचक भडकले ते लग्नावरून. माझी तक्रार वेगळी: नोकरीचा प्रश्न इतका छान उभा केला होता, तो जादूने गुंडाळला.

आयर्नमॅनने २००८ च्या चित्रपटात पहिल्याच झटक्यात नाव सांगून टाकलं. कंपनीच त्याची, रजेचा अर्ज द्यायचा कुणाला? सुपरमॅननेही २०१९ मध्ये लपवाछपवी सोडली. तोवर खिशातला फोन ठावठिकाणा सांगू लागला होता, कॅमेरे चेहरे जुळवू लागले होते आणि ऑफिसच्या दारात कार्ड पंच केल्याशिवाय आत-बाहेर होता येत नव्हतं. घरून काम सुरू झालं तेव्हा वाटलं, आता सोपं: कॅमेरा बंद, माइक बंद, खिडकीतून बाहेर. पण थोडा वेळ माऊस हलला नाही की ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो.