वाढीचा टक्का आणि दरवर्षीच्या जागा: नवीन कोर्स काढताना होणारी गल्लत

कॉलेजात नवीन कोर्सचा प्रस्ताव आला की पहिल्याच पानावर हमखास लिहिलेलं असतं, या क्षेत्रात येत्या दहा वर्षांत इतके टक्के वाढ होणार आहे. टक्का मोठा असला की मीटिंगमधे सगळ्यांच्या माना डोलतात. पण वाढीचा टक्का वेगळा आणि दरवर्षी प्रत्यक्ष सुटणाऱ्या जागा वेगळ्या, आणि कोर्स काढायचा की नाही हे ठरवताना मला तरी दुसरा आकडाच जास्त कामाचा वाटतो.

अमेरिकेचं उदाहरण घेतो, कारण तिथे हे दोन्ही आकडे एकाच ठिकाणी आणि फुकट मिळतात. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे बीएलएस, हे रोजगाराची आकडेवारी ठेवणारं तिथलं सरकारी खातं एकेका व्यवसायाचा पुढच्या दहा वर्षांचा अंदाज काढतं. २०२३ ते २०३३ च्या अंदाजात सगळ्यात वेगाने वाढणारा व्यवसाय होता पवनचक्की दुरुस्त करणारे टेक्निशियन, तब्बल ६० टक्के. आता मूळ संख्या बघा, २०२३ मधे अख्ख्या देशात हे काम करणारे होते ११,४०० च्या आसपास. म्हणजे ६० टक्के वाढूनसुद्धा दहा वर्षांत सात हजारही नवीन नोकऱ्या होत नाहीत, आणि दरवर्षी सुटणाऱ्या जागा धरल्या तर पन्नास राज्यं मिळून साधारण २,१००. त्याच अंदाजात नर्सेसची (रजिस्टर्ड नर्स) वाढ फक्त ६ टक्के आहे, पण जागा? दरवर्षी सरासरी १,९४,५००.

हे असं का होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. नर्सेस तेहतीस लाखांच्या आसपास आहेत, त्यामुळे ६ टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत दोनेक लाख नवीन नोकऱ्या, वर्षाला वीसेक हजार. मग बाकीच्या पावणेदोन लाख जागा येतात कुठून, तर कुणी रिटायर होतं, कुणी घरच्या कारणाने काम सोडतं, कुणी नर्सिंगच सोडून दुसऱ्याच लाइनला जातं, त्या सगळ्यांच्या जागी माणूस लागतो. बहुतेक मोठ्या व्यवसायांत जागा अशाच सुटतात, वाढीमुळे कमी आणि माणसं गेल्यामुळे जास्त. इतकंच काय, हिशेब लिहिणारे बुककीपिंग क्लार्क घ्या, त्यांची संख्या कमी होणार असा अंदाज आहे, वाढ शून्याच्या खाली, तरी दरवर्षी दीड लाखाहून जास्त जागा सुटणार आहेत. नुसता टक्का बघणारा माणूस हा कोर्स बंद करा म्हणेल.

आता जागांच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फास्ट फूडच्या काउंटरवर दरवर्षी प्रचंड जागा सुटतात, पण त्या सुटतात कारण पगार कमी आहे आणि लोक टिकत नाहीत, आणि त्या कामाला डिग्री लागतही नाही. म्हणून जागांच्या शेजारी दोन कॉलम बघायचेच, पगार किती आणि सुरुवातीला शिक्षण काय लागतं. बीएलएस हे दोन्ही देतं.

आणि नोकरीच्या जाहिराती मोजून जागा ठरवणं तर त्याहून फसवं. एक नर्स एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात गेली की एक जाहिरात निघते, पण व्यवसायात नवीन माणसाची गरज काही वाढलेली नसते, आणि बीएलएस असा बदल जागांमधे धरतच नाही. फ्रेशर पोरांना कोर्स शिकवून बाहेर काढायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

पुढचा प्रश्न, या जागा आहेत कुठे. पवनचक्क्यांचा कोर्स देशभर काढण्यात अर्थ नाही, पण आयोवा राज्यामधे नक्की आहे, तिथे निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यावर तयार होते आणि आयोवा लेक्स कम्युनिटी कॉलेजने (कम्युनिटी कॉलेज म्हणजे तिथलं दोन वर्षांचे कोर्स चालवणारं स्थानिक कॉलेज) हा कोर्स फार लवकर सुरू केला. आणि जागा आहेत म्हटल्यावर त्यातून आसपासच्या कॉलेजांमधून आधीच किती जण पास होऊन बाहेर पडतात ते वजा करायला हवं. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांसाठी सेंटर्स ऑफ एक्सलन्स नावाची यंत्रणाच आहे, ती त्या भागातल्या जागा आणि पास होणारी मुलं समोरासमोर मांडून दाखवते. मला हे फार आवडतं, कारण गरज आणि पुरवठा एकाच कागदावर आले की टक्क्यांचा मोह आपोआप कमी होतो. अर्थात गरज दिसली म्हणून कोर्स लगेच चालतो असं नाही, नर्सिंगला शिक्षक आणि प्रॅक्टिकलसाठी हॉस्पिटलची सोय दोन्ही लागतात आणि तिथेच सीट्स अडतात.

आपल्याकडे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला बृहत् आराखडा करावा लागतो, कुठे कुठलं कॉलेज आणि कुठला कोर्स हवा याचा. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांसाठी इंजिनिअरिंगच्या सीट्सवरची कमाल मर्यादाही काढली, म्हणजे वाढवायची मुभा मिळाली, पण कशाच्या जोरावर वाढवायचं? पीएलएफएस हा सरकारी सर्व्हे किती लोक कामावर आहेत आणि कशा प्रकारच्या कामावर आहेत ते चांगलं सांगतो, पण अमुक जिल्ह्यात अमुक कामाच्या पुढच्या दहा वर्षांत किती जागा सुटतील हे सांगणं त्याचं कामच नाही. मग ती पोकळी नोकरीच्या पोर्टलवरच्या जाहिराती मोजून भरली जाते, आणि ते चुकीचं आहे.

त्यापेक्षा जवळच्या एमआयडीसीतल्या पंधरा-वीस कंपन्यांच्या एचआरला, आणि छोट्या वर्कशॉपवाल्यांना तर आधी, प्रत्यक्ष जाऊन विचारा. तुमच्याकडे या कामाची माणसं किती, गेल्या वर्षी त्यातली किती सोडून गेली, रिटायर किती होणार आहेत, सोडून गेलेल्यांच्या जागी फ्रेशर घेतला की अनुभवी, आणि घेतला तर पहिला पगार काय दिला. वाढ किती होईल हे शेवटी विचारा, त्याचं उत्तर बहुतेक जण अंदाजानेच देतात, पण गेल्या वर्षी कोण कोण सोडून गेलं हे त्यांना नावानिशी आठवतं.