सहपंचाचा निर्णय (क्रिकेट)

मैदानावरील दोन पंचांपैकी एकाच्या निर्णयाबाबत दुसऱ्याला असणारा अधिकार. फुटबॉलमध्ये मुख्य पंच सहायकाचा झेंडा अमान्य करू शकतो. क्रिकेटचे दोन्ही पंच समान दर्जाचे असल्याने एकाने दुसऱ्याचा निर्णय फिरवण्याची तरतूद नाही. विचारले तर पाहिलेले सांगावे, इतकीच सहपंचाची भूमिका.

प्रत्येक पंचाने आपापल्या टोकापुरता निर्णय द्यायचा, या विभागणीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. १७२७ मध्ये ड्यूक ऑफ रिचमंड व ब्रॉड्रिक यांच्यात झालेल्या करारानुसार प्रत्येक बाजूचा एक पंच असे आणि पंचांचे एकमत न झाल्यास संघांचे आश्रयदाते असलेले हे दोघेच निवाडा करत. सुमारे १७४४ मध्ये तयार झालेल्या आणि १७५५ मध्ये छापलेल्या नियमांत मात्र प्रत्येक पंच आपापल्या यष्टींपुरता एकमेव निर्णायक ठरला. पैजेच्या सामन्यांत पंच पक्षपाती असत, म्हणून एकाच्या निर्णयावर दुसऱ्याचा हात पडू नये यासाठी ही सोय झाली, असे एक मत. जो जवळ उभा त्यालाच नीट दिसते, हे दुसरे. नियमातील ‘आपल्या यष्टींपाशी’ ही मर्यादा आणि पंच तटस्थ झाल्यावरही टिकलेली विभागणी पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि दोन्ही बाजूंच्या संमतीवाचून पंच बदलू नये, असेही तेच नियम सांगतात. त्यामुळे पहिले मत सर्वस्वी निकालात काढता येत नाही.

सल्ल्याचे स्वरूपही बदलत गेले. क्रिकेट नियमांच्या १९४७ च्या संहितेत निर्णय देऊ न शकणाऱ्या पंचाने सहपंचाकडे दाद मागायची आणि सहपंचाचा शब्द अंतिम मानायचा, असे होते. १९८० च्या संहितेने हे उलटवले: सहपंचाला फक्त वस्तुस्थिती विचारायची, निर्णय मूळ पंचानेच द्यायचा. सध्याच्या नियम ३१ (अपील) मध्येही हेच आहे. सल्ल्यानंतरही शंका उरल्यास फलंदाज नाबाद. यष्टिचीत, हिट विकेट आणि स्ट्रायकरच्या टोकाकडील धावचीत हे स्क्वेअर लेगच्या पंचाचे अपील, बाकी सारे गोलंदाजाच्या टोकाकडील पंचाचे. झेल जमिनीला टेकला का, ही नेहमीची विचारणा; अनेकदा ती नजरेच्या खुणेवरच भागते.

फेकी गोलंदाजी (कोपर सरळ करत चेंडू फेकणे) हा अपवाद, कारण तेथे दोघांपैकी कोणीही नो-बॉल देऊ शकतो. २६ डिसेंबर १९९५ रोजी मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी गोलंदाजाच्या टोकाकडून श्रीलंकेच्या मुथय्या मुरलीधरनला ७ नो-बॉल दिले. कर्णधार रणतुंगाने त्याला दुसरे पंच स्टीव्ह डन यांच्या टोकाकडून आणल्यावर डन यांनी एकही दिला नाही, आणि आता स्क्वेअर लेगला असलेल्या हेअर यांनीही नाही. दोघांनी एकमेकांचा निर्णय खोडला नाही, पण निकष एक नव्हता हे लपलेही नाही.

पंच स्वतःचा निर्णय तत्परतेने बदलू शकतो. फेब्रुवारी १९८० मध्ये मात्र वानखेडेवर बाद ठरलेला इंग्लंडचा बॉब टेलर परत खेळला तो भारताचा कर्णधार विश्वनाथने अपील मागे घेतल्यामुळे. सहपंचाचा त्यात संबंध नव्हता.

मैदानाबाहेर बसून दूरचित्रण पाहणाऱ्या तिसऱ्या पंचाने ही चौकट सैल केली. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनला सचिन तेंडुलकर दूरचित्रणावरून धावचीत ठरलेला पहिला फलंदाज झाला. पुनरावलोकनात निर्णय उलटला, तरी मैदानी पंचच हात छातीवर आडवे नेऊन खांद्यांना लावतो, आपली खूण रद्द करतो आणि नवी देतो. वादग्रस्त झेलांसाठी मैदानी पंचांनी तिसऱ्या पंचाकडे सोपवण्याआधी द्यायचा ‘सॉफ्ट सिग्नल’ जून २०२३ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून वगळण्यात आला.