चाचणी-डाव

चाचणी-डाव : घरी तयार केलेला पटावरचा खेळ पक्का होण्याआधी तो इतरांना खेळायला द्यायचा, त्यांचे खेळणे पाहायचे, म्हणणे ऐकायचे आणि त्यावरून खेळ सुधारायचा, ही पद्धत. बोलताना सर्रास ‘प्लेटेस्ट’ म्हणतात. खेळ रचणारा तो डिझायनर, कच्चा नमुना तो प्रोटोटाइप आणि डाव संपल्यावरचे बोलणे म्हणजे फीडबॅक. प्रोटोटाइप साधा असावा : पुठ्ठ्याचा पट, पेन्सिलीने लिहिलेले पत्ते, दुसऱ्या खेळातल्या उसन्या सोंगट्या. सुबक छापलेल्या पत्त्यावर काट मारायला डिझायनरचा हात धजत नाही आणि त्याला नावे ठेवायला खेळाडूची जीभही.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार खेळणाऱ्यांनी खेळ बदलत नेणे हीच मूळ चाचणी होय. यासाठी एलिझाबेथ मॅगी यांच्या ‘द लँडलॉर्ड्स गेम’चा दाखला देतात. जमीनदारीचे अर्थकारण समजावून देण्यासाठी रचलेल्या या खेळाचे अमेरिकी पेटंट १९०४ चे. पुढील सुमारे तीन दशके लोकांनी त्याचे पट हाताने काढले, गावोगावच्या रस्त्यांची नावे घातली, नियम वाकवले. अटलांटिक सिटीतील रस्त्यांची नावे असलेला त्याचा एक अवतार पार्कर ब्रदर्स कंपनीने १९३५ मध्ये ‘मोनोपॉली’ म्हणून बाजारात आणला. तो चार्ल्स डॅरो यांनी शोधला ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९७० च्या दशकातील एका न्यायालयीन वादात मॅगी यांचे श्रेय पुन्हा पुढे आले. मात्र ही सगळी घडामोड चाचणी म्हणावी का, हा प्रश्न उरतो. ते बदल डिझायनरने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आलेले नव्हते.

दुसरे मत हेतूला महत्त्व देते : डिझायनरने मुद्दाम डाव मांडला, टिपणे घेतली आणि त्यावरून नियम बदलले, तरच ती चाचणी. हे मत अधिक ग्राह्य वाटते. आल्फ्रेड बट्स यांनी १९३० च्या दशकात शब्दांचा खेळ रचताना वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून वाटप ठरवले आणि अनेकवचने सोपी होऊ नयेत म्हणून ‘एस’ या अक्षराच्या सोंगट्या चारच ठेवल्या. हाच खेळ १९४८ मध्ये ‘स्क्रॅबल’ झाला. चाचणीला ठरलेले रूप मात्र बहुधा युद्धखेळांच्या, म्हणजे लढायांवर बेतलेल्या पटावरच्या खेळांच्या, छंदातून आले. १९६९ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एसपीआय या प्रकाशनसंस्थेत शुक्रवारी संध्याकाळी बाहेरचे खेळाडू अपुरे खेळ खेळून पाहत आणि संस्थेच्या नियतकालिकाच्या वाचकांचे मत छापील प्रश्नावलीतून मागवले जाई. १९९३ च्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाची चाचणी त्याचे डिझायनर रिचर्ड गारफिल्ड यांच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सहविद्यार्थ्यांनी केली होती.

लक्षण आणि उपाय : अभिप्रायातला सर्वांत नाजूक मुद्दा म्हणजे खेळाडूला जाणवलेले लक्षण आणि त्याने सुचवलेला उपाय यांतला फरक. खेळाडूला काय जाणवले हे तोच जाणतो. ते का जाणवले, याबद्दल त्याचा अंदाज चुकू शकतो. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ च्या निबंधात एक प्रयोग सांगितला आहे. लोकांसमोर मोज्यांचे चार जोड मांडून उत्तम कोणता ते विचारले. जोड तंतोतंत सारखे होते, तरी उजव्या टोकाचा जोड बराच अधिक वेळा निवडला गेला. कारण विचारले तर लोक वीण आणि पोत सांगत. जागेचे नाव कोणी काढले नाही. खेळाच्या टेबलावर रोज हेच घडते. खेळाडू म्हणतो, ‘पत्ते वाढवा.’ खोदून विचारले की कळते, तिसऱ्या फेरीनंतर त्याच्या हातात एकच पत्ता उरत होता आणि ठरवण्यासारखे काही नव्हते. दोष कदाचित पत्ते टाकण्याच्या नियमात असेल. गड्डी जाड करून तो जाणार नाही.

म्हणून ‘मला कंटाळा आला’ हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, त्यावर वाद घालू नये. सुचवलेला उपायही लिहावा, पण वेगळ्या रकान्यात. उपाय ऐकूच नयेत असे काही जण मानतात. ते टोकाचे आहे. अनुभवी खेळाडूच्या सूचनेतून दुखणे नेमके कुठे आहे ते दिसते. २००४ मधील ‘एमडीए’ (मेकॅनिक्स, डायनॅमिक्स, एस्थेटिक्स : नियम, त्यांतून घडणारा खेळ आणि अनुभव) या मांडणीने हेच तात्त्विक भाषेत सांगितले : डिझायनर नियमांकडून अनुभवाकडे जातो, खेळाडू अनुभवाकडून नियमांकडे.

निरीक्षण : बोलण्याआधी हात बोलतात. सोंगटी उचलून पुन्हा त्याच घरात ठेवणे, पत्त्यांचे कोपरे अंगठ्याने सरकवत राहणे, ‘माझी पाळी ना?’ असे तिसऱ्यांदा विचारणे, दुसऱ्याच्या पाळीत खिडकीबाहेर पाहणे. डिझायनर पटाशी बसून वाट दाखवू लागला की ही सगळी माहिती हातची जाते. नियम चुकीचा खेळला जात असेल तरी थोडे थांबावे. एकच चूक दोघांनी केली तर शंका नियमाच्या वाक्यावर घ्यावी. स्वतःच्या खेळाची अशी मोडतोड गप्प बसून पाहणे फार अवघड जाते, आणि तरी या पद्धतीतले सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

संख्या : संगणकप्रणालींच्या चाचणीत पाच वापरकर्ते पुरतात, असा संकेत १९९० च्या दशकात रूढ झाला. तो इथे तसाच लावता येत नाही, कारण एका पटाभोवतीचे चौघे एकमेकांच्या चालींनी बांधलेले असतात. तो डाव म्हणजे बऱ्याच अंशी एकच निरीक्षण. गोंधळाचा नियम दोन-तीन डावांत उघडा पडतो. समतोलाचे तसे नाही. चौघांच्या खेळात पहिली पाळी असलेल्याने २० पैकी ५ डाव जिंकणे अपेक्षित आहे. त्याने ७ जिंकले तर पहिल्या पाळीचा फायदा झाला असे वाटते. पण खेळ पूर्ण समतोल असला तरी ७ किंवा अधिक विजय सुमारे पाचांत एकदा निव्वळ योगायोगाने येतात. १० किंवा अधिक येण्याची शक्यता मात्र शंभरात एक-दीड, तेव्हा नियमाला हात घालावा. दोन चाचण्यांच्या मध्ये शक्यतो एकच बदल करावा.

ब्लाइंड टेस्ट : यात खेळाडूंना फक्त डबा आणि नियमपत्रक मिळते. डिझायनर हजर नसतो किंवा तोंड उघडत नाही. ही चाचणी खेळापेक्षा नियमपत्रकाची असते, म्हणून ती शेवटी घेतात. तोंडी सांगताना सहज भरली जाणारी गाळलेली वाक्ये इथे सापडतात : बरोबरी झाली तर काय, गड्डी संपली तर काय.

अभिप्राय देणे : देणाऱ्याने क्षण सांगावा, निकाल नव्हे. ‘खेळ लांबला’ यापेक्षा ‘कोण जिंकणार ते पाचव्या फेरीत कळले होते आणि आठ फेऱ्या झाल्या’ हे कितीतरी उपयोगी. आपण हरलो म्हणून तर हे बोलत नाही ना, तेही सांगून टाकावे. जवळच्या माणसांचे कौतुक प्रेमातून येते. त्यांना ‘आवडला का?’ ऐवजी ‘कुठल्या पाळीत काय करावे सुचले नाही?’ असे विचारल्यास खरे उत्तर मिळते. लहान मुलांकडून असे उत्तर क्वचितच मिळते. डाव संपताच ती सोंगट्या पुन्हा पहिल्या घरात मांडू लागतात का, एवढे पाहावे.