अम्माऊसची वाट

ख्रिस्ती परंपरेतील पुनरुत्थानाची एक कथा. ती बायबलातील लूककृत शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) 24 व्या अध्यायात सविस्तर येते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या अखेरीस तिचा ओझरता उल्लेख आहे.

येशूला क्रुसावर खिळल्याच्या तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावी निघाले आहेत. एकाचे नाव क्लयपा. दुसऱ्याचे लूक सांगत नाही. मागून स्वतः येशूच त्यांना गाठतो आणि सोबत चालू लागतो, पण ते त्याला ओळखत नाहीत. कसल्या गोष्टी चालल्या आहेत, असे तो विचारतो. दोघे थबकतात, चेहरे उतरलेले.

इस्राएलाला सोडवणारा तो हाच अशी आमची आशा होती, असे ते येशूविषयीच त्याला सांगतात. साऱ्या कथेचे दुःख या शब्दांत आहे. मूळ ग्रीक क्रियापद अपूर्ण भूतकाळातले असल्याने, दीर्घकाळ उराशी धरलेली आशा सुटून गेल्याचे त्यात ऐकू येते. यहूदिया (यरुशलेमचा प्रांत) तेव्हा रोमच्या अमलाखाली होता आणि मशीहा, म्हणजे देवाने पाठवायचा मुक्तिदाता, प्राचीन राजा दाविदाचे राज्य परत आणील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. क्रूस ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. तसे मरण आलेला मुक्तिदाता कोणाच्या मनात बसणार? कबर रिकामी असल्याची, स्त्रियांनी आणलेली बातमी हे दोघे स्वतःच्या तोंडाने सांगतात, आणि तरी यरुशलेमकडे पाठ करून चालतच राहतात. हा तपशील मला सर्वांत बोलका वाटतो. कळायचे ते सगळे त्यांना कळले आहे. देवाने कसे वागावे याचे मनातले चित्र तेवढे आड येते.

मोशे व संदेष्ट्यांच्या लेखांतून येशू उलगडून सांगतो की मशीहाने दुःख सोसणे अगत्याचे होते. तरीही ओळख पटत नाही. दिवस कलतो, ते त्याला आग्रहाने ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर पाहुणाच यजमानासारखा भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि त्यांना देतो. तेव्हा त्यांचे डोळे उघडतात, आणि तो दिसेनासा होतो. दोघे त्याच घटकेला यरुशलेमला परततात. आधी शास्त्रवाचन, मग भाकर मोडणे, हा मिस्साचा (ख्रिस्ती सामूहिक उपासनेचा) क्रमही भाष्यकारांना इथे दिसतो.

गाव नेमके कोणते, हे ठरलेले नाही. लूकच्या बहुतेक हस्तलिखितांत यरुशलेमपासूनचे अंतर 60 स्टेडिया (प्राचीन ग्रीक माप), म्हणजे सुमारे 11 किलोमीटर आहे. चौथ्या शतकातील सिनाई हस्तलिखितात 160. युसेबियस आणि जेरोम या प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी निकोपोलिस हे नगर हेच अम्माऊस मानले. तिथले इम्वास हे पॅलेस्टिनी गाव 1967 मध्ये इस्रायली सैन्याने पाडले. अल्-कुबैबा आणि अबू घोश या गावांनाही हा मान दिला जातो.

इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने 1601 मध्ये हा प्रसंग रंगवला (नॅशनल गॅलरी, लंडन). त्याचा ख्रिस्त दाढी नसलेला, भरल्या गालांचा तरुण आहे. पाहणाऱ्यालाही तो चटकन ओळखू येऊ नये असा. एक शिष्य खुर्चीचे हात धरून उठू पाहतो, त्याची बाही कोपरावर फाटलेली. खाणावळवाला मात्र डोक्यावरची टोपी न काढता नुसता उभा आहे.

कवी नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात अशीच एक वाट येते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाचे नाव त्यांना कधीच कळले नाही.