पार्श्वभूमी: लाल विंचू, प्राझोसिन आणि 'उतारा'

प्राझोसिन ही 1970च्या दशकात रक्तदाबासाठी आलेली गोळी. पुढच्या दशकात महाड परिसरात ती लाल विंचवाच्या दंशावर दिली जाऊ लागली आणि तिला उतारा म्हणावे का, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

गावात विंचू 'उतरवतात', म्हणजे विष उतरवतात. प्राझोसिन विषाला हातही लावत नाही. विषामुळे चेतातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या वेळेवर मिटत नाहीत आणि ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिन या संप्रेरकांचा पूर येतो. रक्तवाहिन्यांवरचे, ही संप्रेरके पकडणारे आल्फा-1 ग्राही खवळतात, रक्तवाहिन्या आवळतात. दंश झालेले मूल घामाने थबथबलेले, उलट्या चालू, पण तळहात-तळपाय बर्फासारखे गार. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन फक्त ते ग्राही अडवते. पण रुग्ण दगावतो तो याच वाटेने, म्हणून उतारा हा शब्द तिला शोभतो. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण 1 टक्क्याच्या आसपास आले.

नाडी धावते म्हणून नुसते बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारे औषध) देणे घातक: आल्फा ग्राहींनी आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहतात आणि थकलेले हृदय आणखी मंदावते. ॲट्रोपिननेही नाडी आणखी वाढते. स्टिरॉइडचा उपयोग नाही, तरी ते टोचले जात राहिले.

मात्रा किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडावाटे. म्हणजे 15 किलोच्या मुलाला 1 मिलिग्रॅमची सुमारे अर्धी गोळी. दर 3 तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. सावकाश विरघळणारी गोळी इथे चालत नाही. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, म्हणून मूल आडवेच ठेवायचे. लघवीला नेण्यासाठी आईने कडेवर उचलले तरी ते बेशुद्ध पडू शकते. नुसती ठणक असेल तर ही गोळी द्यायचीच नाही; तिथे दंशाजागी लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध टोचावे.

विष मारणारी प्रतिविषलस नंतर रुळली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाडच्या चाचणीत 70 रुग्ण होते. लस आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण 10 तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरचे 35 पैकी 8. मात्र लस रक्तात फिरणारे विषच बांधते. उशिरा, फुप्फुसात पाणी घेऊन आलेल्या रुग्णाच्या आवळलेल्या वाहिन्या तिने सैलावत नाहीत. तिथे आल्फा ग्राही अडवावेच लागतात.