गेरसोप्पा (जहाज)

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज. त्यातील चांदी २०१२-१३ मध्ये सुमारे ४,७०० मी. खोलीवरून वर काढण्यात आली. शरावती नदीवरील जो धबधबा मराठीत गिरसप्पा म्हणून परिचित आहे, त्याचेच हे नाव. इंग्रजी नोंदींतील वर्णरचना मात्र ‘गैरसोप्पा’ या उच्चाराकडे झुकते.

इंग्लंडमधील जॅरो येथे १९१९ मध्ये बांधलेले हे जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते. डिसेंबर १९४० मध्ये चहा, बिडाचे लोखंड, टपाल व चांदी घेऊन ते कलकत्त्याहून निघाले आणि पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउनहून संरक्षित काफिल्यात सामील झाले. वादळी हवेत कोळसा कमी पडू लागल्याने फेब्रुवारी १९४१ च्या मध्यास ते काफिला सोडून आयर्लंडमधील गॉलवेकडे वळले. ‘यू-१०१’ या जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने (टॉर्पेडोने) ते बुडाले. बुडाल्याची तारीख कोठे १६, तर कोठे १७ फेब्रुवारी अशी आढळते. हल्ला मध्यरात्रीच्या सुमारास झाला व जर्मन घड्याळ पुढे होते, हे लक्षात घेता हा मतभेद बहुधा कालगणनेचाच असावा. जहाजावरील सुमारे ८५ जणांपैकी, ज्यांत भारतीय खलाशी बहुसंख्य होते, केवळ दुय्यम अधिकारी रिचर्ड एअर्स वाचला. तेरा दिवस उघड्या होडीत काढून तो कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला लागला.

जहाजावर चांदी नेमकी किती होती, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. एका समकालीन नोंदीत तिचे मूल्य ६ लाख पौंड दिले आहे. त्यावरून एकूण ७० लाख औंसांपर्यंतचा अंदाज बांधला गेला. युद्धविम्यापोटी ब्रिटिश सरकारने मात्र सुमारे सव्वातीन लाख पौंडच दिले. उरलेली चांदी सरकारी व विम्याबाहेरची होती, असा एक तर्क आहे. प्रत्यक्षात मिळालेल्या लगडी विम्याच्या आकड्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतात, त्यामुळे मोठा आकडा जपूनच वापरणे इष्ट.

विम्याची रक्कम दिल्याने चांदीवर ब्रिटिश सरकारचा हक्क होता. त्याच्याशी झालेल्या करारानुसार, खर्च वजा जाता उरणाऱ्या मूल्याचा ८०% वाटा अमेरिकेतील ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन या कंपनीला मिळायचा होता. या कंपनीने २०११ मध्ये अवशेष शोधले. जहाज तळावर सरळ उभे असून पाणतीराचे भगदाड स्पष्ट दिसते. टायटॅनिकहूनही सुमारे ९०० मी. अधिक खोल अशा या जागी बुडी मारणाऱ्या माणसांना उतरणे अशक्य असल्याने काम वरून चालविलेल्या यंत्रांनी झाले. २०१२ मध्ये १,२१८ व २०१३ मध्ये १,५७४ अशा एकूण २,७९२ लगडी निघाल्या. प्रचलित ‘११० टन’ हे वजन अमेरिकी टनांतील (एक टन सुमारे ९०७ किलो) दिसते. सुमारे ३२ लाख ट्रॉय औंस (मौल्यवान धातूंचा औंस, सुमारे ३१ ग्रॅम) म्हणजे साधारण १०० मेट्रिक टन होतात. यांतील काही चांदीची ब्रिटनच्या शाही टांकसाळीने नाणी पाडली.

जहाजाच्या फाळक्यात (माल ठेवण्याच्या जागेत) टपालाच्या ढिगाखाली भारतातून धाडलेली सुमारे ७०० पत्रेही मिळाली. प्रकाश नाही, प्राणवायू अत्यल्प आणि वरून दाब, यांमुळे सात दशकांनंतरही कागद टिकला. २०१८ मध्ये लंडनच्या टपाल संग्रहालयात ती प्रदर्शित झाली.